परदेशात धंदा काढण्यापूर्वी : व्हिसाचे चार मार्ग आणि आपला सातबारा



शेतकी खात्याने बेणे, लागण, खत आणि पाणी यांवर लिहावे, व्हिसावर कशाला, असे काही सभासद म्हणतील. त्याचे कारण असे की, गेल्या दोन हंगामांपासून आमच्या गट कार्यालयांत ऊस बिलाचा दाखला मागायला येणारे एक नवेच कारण सांगू लागले आहेत. पूर्वी दाखला लागे तो पीककर्जाला, ट्रॅक्टरच्या कर्जाला, फार तर पोरीच्या कॉलेजच्या प्रवेशाला. आता सभासद म्हणतात, "साहेब, थोरल्याला परदेशात धंदा टाकायचाय, व्हिसाच्या कागदाला जोडायचाय." दाखला देणे आमचे काम, तो आम्ही देतो. पण दाखल्यामागोमाग सातबारा गहाण पडताना दिसू लागला, तेव्हा गप्प बसणे बरे वाटले नाही.

ही मुले बहुतेक गावात नाहीत. कोणी पुण्याला, कोणी ठाण्याला, आणि बरीच काशीमीऱ्याला आहेत. मुंबई-अहमदाबाद महामार्गाला ठाण्याकडून येणारा घोडबंदर रस्ता जिथे मिळतो तो हा नाका, मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीतला. आपल्याकडच्या पोरांनी तिथे टेम्पो, गॅरेज, खानावळ, केटरिंग असे धंदे हिमतीने उभे केले आहेत. चार पैसे हाती आले की पुढची उडी मारावीशी वाटणारच. त्यात वावगे काही नाही. मात्र उडी मारण्यापूर्वी विहिरीत पाणी किती, हे बघावे.

नोंद वेगळी, तोड वेगळी

कारखान्याकडे उसाची नोंद झाली म्हणजे तोड आली असे होत नाही, हे आपणांस सांगायला नको. व्हिसाचे तसेच आहे. अर्ज भरला, फी भरली, बोटांचे ठसे दिले, पोच मिळाली, ही झाली नोंद. व्हिसा द्यायचा की नाही हे फक्त त्या देशाचा अधिकारी ठरवतो. मधला कोणीही, मग त्याचे ऑफिस कितीही थंडगार असो, 'शंभर टक्के गॅरंटी' देऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, परदेशात कंपनी नोंदवणे वेगळे आणि तिथे राहून ती चालवणे वेगळे. कित्येक देशांत घरबसल्या कंपनी नोंदवता येते. पण कंपनी झाली म्हणून तिथे राहण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. एजंटाच्या बोलण्यात या दोन गोष्टींची सर्रास सरमिसळ केलेली असते.

आता मार्ग पाहू. देश अनेक असले तरी धंद्यासाठीचे मार्ग ढोबळमानाने चारच आहेत.

१. धंद्याच्या भेटीचा व्हिसा

हा सर्वांत स्वस्त आणि सोपा. गिऱ्हाइकाला भेटणे, प्रदर्शन पाहणे, यंत्राची चौकशी करणे, करार करणे यासाठी थोड्या दिवसांचा हा व्हिसा असतो. यावर दुकान चालवता येत नाही आणि पगार घेऊन काम करता येत नाही. "आधी व्हिजिटवर जा, मग तिथेच बदलून घेऊ" असा सल्ला देणारे भेटतात. तो सल्ला अंगावर घेऊ नये. पकडले गेल्यास परत पाठवणी होते आणि पुढच्या अर्जांवर त्याचा डाग राहतो.

२. नवा धंदा काढणाऱ्याचा व्हिसा

यात पैशापेक्षा कल्पनेला महत्त्व असते. ब्रिटनने १३ एप्रिल २०२३ पासून 'इनोव्हेटर फाउंडर' नावाचा व्हिसा सुरू केला. पूर्वीची ५०,००० पौंडांची अट त्यात काढून टाकली. हे ऐकले की पुष्कळांना वाटते, चला, फुकटात झाले. पण धंद्याची कल्पना नवी, टिकणारी आणि वाढणारी आहे असे मान्यताप्राप्त संस्थेचे शिफारसपत्र लागते. त्या संस्थेची तपासणी फी १,००० पौंड आहे. इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. शिवाय आरोग्य अधिभार माणशी वर्षाला १,०३५ पौंड, म्हणजे तीन वर्षांच्या व्हिसाला ३,१०५ पौंड होतात.

इथे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. सुजय सोहनी आणि सुबोध जोशी या दोघा मुंबईकर मित्रांनी २०१० साली लंडनच्या हौन्स्लो भागात वडापाव विकायला सुरुवात केली आणि धंदा नावारूपाला आणला. ही गोष्ट मोबाईलवर सर्वांनी वाचलेली असते आणि पोरे म्हणतात, "आपण पण टाकू." पण ते दोघे शिक्षण-नोकरीच्या वाटेने आधीच तिथे गेलेले होते, तिथली रीत त्यांना ठाऊक होती. आज कोणी इथून 'वडापावचे दुकान टाकतो' एवढ्याच कल्पनेवर इनोव्हेटर फाउंडर मागेल, तर शिफारसपत्र मिळणे फार अवघड. चांगला चालणारा धंदा आणि व्हिसाच्या व्याख्येत बसणारा धंदा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

नेदरलँड्समध्ये मान्यताप्राप्त मार्गदर्शकाचे बोट धरून एक वर्षाचा स्टार्टअप परवाना मिळतो. जर्मनीत स्वतःचा धंदा करणाऱ्यासाठी वेगळा परवाना आहे. तिथे भांडवलाची सोय आणि धंद्याची त्या भागाला असलेली गरज दाखवावी लागते, आणि ४५ वर्षांवरील अर्जदाराला म्हातारपणाची तरतूदही.

३. पैसा गुंतवणाऱ्याचा व्हिसा

अमेरिकेचा 'ईबी-५' हा यातला सर्वांत बोलबाला असलेला. १९९० साली तो सुरू झाला. मार्च २०२२ च्या कायद्याप्रमाणे ग्रामीण किंवा बेकारी जास्त असलेल्या भागात ८,००,००० डॉलर आणि इतरत्र १०,५०,००० डॉलर गुंतवावे लागतात, आणि दहा माणसांना पूर्णवेळ काम मिळावे लागते. पहिले ग्रीन कार्ड दोन वर्षांचे, अटीवर मिळते. गुंतवलेले पैसे परत मिळण्याची हमी नसते. किंबहुना पैसा जोखमीत असला पाहिजे अशीच अट आहे.

आठ लाख डॉलर म्हणजे रुपये किती? ढोबळमानाने सात कोटी धरा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेली एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये. तोडणी-वाहतूक वजा न करता हिशेब केला, तरी सात कोटींना जवळजवळ वीस हजार टन ऊस लागतो. एकरी ४० टन धरले तर पाचशे एकरांचा ऊस. आपल्यापैकी किती जणांचा हा मार्ग आहे ते यावरून समजेल.

मग स्वस्तातला 'ई-२' व्हिसा सांगितला जातो. हा व्हिसा अमेरिकेशी तसा करार असलेल्या देशांच्या नागरिकांनाच मिळतो, आणि भारत त्या यादीत नाही. यावर काही एजंट कॅरिबियन बेटाचे नागरिकत्व विकत घ्यायला सांगतात. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारताचे नागरिकत्व जाते, हे आपल्या १९५५ च्या कायद्यात स्पष्ट आहे. आणि पैसे देऊन नागरिकत्व घेतलेल्याने त्या देशात आधी तीन वर्षे राहिले पाहिजे, अशी अट अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये घातली आहे. म्हणजे घर सोडले आणि मठही मिळाला नाही अशी गत.

४. आपल्याच कंपनीतून बदली

ज्याचा इथला धंदा खरोखर चालू आहे त्याला हा मार्ग विचार करण्यासारखा. अमेरिकेत याला 'एल-१' म्हणतात. अर्जदाराने मागच्या तीन वर्षांत सलग एक वर्ष भारतातील कंपनीत, बहुधा व्यवस्थापक म्हणून, काम केलेले असावे लागते. तिथे नवे ऑफिस काढायचे तर जागा घेतल्याचा पुरावा लागतो. नव्या ऑफिससाठी पहिली मुदत एकच वर्षाची. त्या वर्षात धंदा उभा राहिला तर पुढची मुदत. इथली कंपनीही चालूच राहावी लागते. लागण चांगली आली तरच खोडवा, असे समजा. कागदावरच्या कंपनीला हा मार्ग नाही.

आखाती देशांची गोष्ट

आपल्या मुलांची खरी ओढ दुबईकडे आहे, म्हणून त्याविषयी स्वतंत्र सांगतो. मसाल्याच्या धंद्यात नाव मिळवलेले धनंजय दातार १९८४ साली वडिलांच्या छोट्या किराणा दुकानात मदतीला दुबईला गेले. त्याच साली झालेल्या तिथल्या कंपनी कायद्याने कंपनीचा ५१ टक्के भाग स्थानिक नागरिकाच्या नावे ठेवणे भाग होते. ही अट बहुतेक धंद्यांसाठी १ जून २०२१ पासून उठली. मुक्त क्षेत्रांत, जसे १९८५ साली स्थापन झालेले जेबेल अली, परदेशी माणसाला संपूर्ण मालकी आधीपासूनच मिळे.

साधा मार्ग असा : धंद्याचे लायसन्स काढायचे आणि त्याच्या आधारे मालक किंवा भागीदार म्हणून साधारण दोन वर्षांचा राहण्याचा परवाना घ्यायचा. लायसन्सचे नूतनीकरण दरवर्षी, जागेचे भाडे वेगळे. वर्षाला ३,७५,००० दिरहमपेक्षा जास्त नफा झाल्यास त्यावरील रकमेवर ९ टक्के कर, हा २०२३ पासून. 'तिकडे कर नाही' हे वाक्य आता जुने झाले.

गोल्डन व्हिसा ही निराळी गोष्ट. घर-जमिनीत २० लाख दिरहम, म्हणजे पाच कोटींच्या घरात रुपये गुंतवणाऱ्याला, तसेच काही नामवंत गुणीजनांना तो मिळतो. उद्योजकाचा गोल्डन व्हिसा पाच वर्षांचा, पण प्रकल्प किमान पाच लाख दिरहमचा आणि नव्या तऱ्हेचा असल्याची मान्यता लागते.

जुलै २०२५ मध्ये आपल्याकडे बातमी पसरली की, एक लाख दिरहम, म्हणजे सुमारे २३ लाख रुपये भरले की भारतीयांना आजन्म गोल्डन व्हिसा. तिथल्या सरकारी खात्याने लगेच खुलासा केला की असे काही नाही, आणि अर्ज सरकारी मार्गानेच घेतले जातात. पण खुलासा गावापर्यंत पोहोचायला वेळ लागला. आमच्या एका गटातील सभासदाचे चिरंजीव काशीमीऱ्याला केटरिंग करतात. एका एजंटाने 'फाईल उघडायचे' म्हणून त्यांच्याकडून पन्नास हजार आधीच घेतले होते, आणि बाकीच्यासाठी वडील चार एकरांतले दोन एकर खासगीत गहाण टाकायला निघाले होते. त्यासाठी बिलाचा दाखला मागायला आले, म्हणून आम्हांस कळले. आम्ही एवढेच म्हणालो, "दादा, छापील कागद दाखवा." त्यावर ना सरकारी खात्याचे नाव, ना फीचा तपशील, ना पावती. पन्नास हजार अजून परत आलेले नाहीत. पण दोन एकर राहिले आणि त्यात या वर्षी खोडवा उभा आहे. पोराचा दुबईचा विचार कायम आहे, आणि आता तो स्वतः चौकशी करतो आहे.

बंद झालेले दरवाजे

एजंटांच्या जुन्या पत्रकांत अजून छापलेले, पण बंद झालेले काही मार्ग लक्षात ठेवावेत. ब्रिटनचा मोठ्या गुंतवणूकदारांचा व्हिसा १७ फेब्रुवारी २०२२ रोजी बंद झाला. ऑस्ट्रेलियाचा धंदेवाल्यांचा '१८८' क्रमांकाचा व्हिसा ३१ जुलै २०२४ पासून नव्या अर्जांना बंद आहे. स्पेनचा गोल्डन व्हिसा एप्रिल २०२५ मध्ये संपला. कॅनडाने २०१३ साली सुरू केलेली स्टार्टअप योजना २०१८ साली कायम केली होती, पण अर्जांचा ढीग साचला आणि २०२५ च्या अखेरीस नवे अर्ज घेणे थांबवले. यांपैकी कशाच्याही नावाने कोणी पैसे मागितले तर ओळखून असावे. फी आणि अटी सतत बदलतात, म्हणून पैसे भरण्याच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पुन्हा पाहावे.

पैसे पाठवण्याचा नियम

रिझर्व्ह बँकेच्या योजनेप्रमाणे एका माणसाला एका आर्थिक वर्षात जास्तीत जास्त २,५०,००० डॉलर बाहेर पाठवता येतात. २००४ साली योजना सुरू झाली तेव्हा ही मर्यादा २५,००० होती. पॅन कार्ड लागते. परदेशी भांडवल म्हणून पाठवायच्या रकमेसाठी बँकेने कर्ज देऊ नये असा नियम आहे. तेव्हा 'बँकेत सेटिंग आहे' असे सांगणारा तुम्हांला अडचणीत घालतो आहे. हवाल्याचे तर नावच काढू नये.

गुंतवणुकीसाठी वर्षाला दहा लाख रुपयांवर पाठवले की वरच्या रकमेवर २० टक्के कर बँक आधीच गोळा करते. आपले शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने बरेच सभासद विवरणपत्रच भरत नाहीत. ते भरल्याशिवाय हा पैसा परत मिळत नाही. परदेशी कंपनीत भाग घेतला तर ऑगस्ट २०२२ च्या नियमांप्रमाणे बँकेमार्फत नोंद करावी लागते, आणि कंपनीत दहा टक्के किंवा जास्त भाग असल्यास दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत अहवाल द्यावा लागतो.

पैसा आला कुठून, हे तिकडचे अधिकारी फार बारकाईने विचारतात. इथे मात्र आपली बाजू भक्कम आहे. सातबारा, आठ-अ, कारखान्याच्या बिलाचे उतारे आणि त्या बिलाची रक्कम जमा झालेले बँकेचे पासबुक, हे चार कागद एकमेकांशी जुळले की शेतीचे उत्पन्न सिद्ध होते. बिलाचे मागचे पाच वर्षांचे उतारे आम्ही गट कार्यालयातून देऊ. उसाचा टनेज आकडा वाढवून मात्र कोणी मागू नये. खोटा कागद सापडला तर व्हिसा जातो आणि कारखान्याचेही नाव जाते.

उचल घेणारा मुकादम ओळखा

टोळी आणतो म्हणून उचल घेऊन गेलेला मुकादम पुन्हा दिसलाच नाही, हा अनुभव आपल्या भागात नवा नाही. एजंटाला पैसे देताना तोच अनुभव आठवावा. कॅनडाच्या व्हिसाचा सल्ला पैसे घेऊन देणारा वकील तरी असावा लागतो, नाही तर तिथल्या सल्लागार मंडळाकडे नोंदलेला. नंबर मागावा आणि मंडळाच्या यादीत स्वतः पाहावा. आपल्याकडे १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परवाना असतो तो नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्यांना. त्यांनी घ्यायची फी ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढीच आहे. तो परवाना भिंतीवर लावून कोणी धंद्याचा व्हिसा विकत असेल, तर त्या कागदाचा इथे काही उपयोग नाही हे जाणावे.

फोनवरच्या 'सरकारी अधिकाऱ्या'पासूनही सावध. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड-काशीमीरा परिसरात कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथली मुले अमेरिकेचे कर अधिकारी असल्याचे भासवून तिकडच्या लोकांना धमकावत आणि पैसे उकळत. पुढे जुलै २०१८ मध्ये अमेरिकेत या प्रकरणी २१ जणांना शिक्षा झाल्या, त्या वीस वर्षांपर्यंतच्या. इकडे बसून तिकडच्यांना फसवता येते, तसे 'दूतावासातून बोलतोय' म्हणून आपल्यालाही कोणी फसवू शकतो. कोणतेही दूतावास फोनवर पैसे मागत नाही.

सातबारा सांभाळा

काही सभासदांना भीती असते की पोरगा परदेशी गेला की सातबाऱ्यावरून नाव जाते. तसे नाही. आधीची जमीन ठेवता येते, वारसानेही मिळते. मात्र अनिवासी झाल्यावर नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. आणि आपल्या कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन घेता येत नाही. व्हिसासाठी सगळी जमीन विकली आणि धंदा बसला, तर हाती पैसा आला तरी पुन्हा रान घेणे मुश्कील. ऊस गेला की कारखान्याशी असलेले नातेही नावापुरते उरते. कुलमुखत्यारपत्र द्यायचे तर घरच्या माणसाला, तेही ठरावीक कामापुरते. एजंटाला कदापि नको.

आमचे सांगणे असे. जमीन पणाला न लावता आधी माल पाठवून बघा. निर्यातीचा कोड ५०० रुपये फी भरून मिळतो. गूळ हा अपेडाच्या यादीतला माल आहे, आणि कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. दोन-चार खेपा गेल्या, पैसे वसूल झाले, मग भेटीचा व्हिसा काढून दुबईचे खाद्यपदार्थांचे प्रदर्शन पाहून यावे. गिऱ्हाईक ओळखीचे झाले की लायसन्सचा खर्च पेलेल की नाही हे तुमचे तुम्हांलाच कळेल. आडसालीला दीड वर्ष थांबणारे आपण लोक, या कामात दोन वर्षे थांबायला हरकत नसावी.

कोणाकडे एजंटाचे पत्रक किंवा करार असेल तर सही करण्यापूर्वी गट कार्यालयात घेऊन यावे. सोमवारी व गुरुवारी दुपारी तीननंतर आम्ही तिथे असतो. वाचून, जेवढे समजते तेवढे सांगू. पुढे वकील व सनदी लेखापाल यांचा सल्ला घ्यावाच.

– ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग